प्रशिक्षक कोण असावा ?

फुटबॉलची गोडी नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत विरळा. पावसाळा लागला म्हणजे मधल्या सुटींत चिखल तुडवीत खेळणारीं मुलें, आणि सायंकाळीं त्यांचे भरलेले कपडे पाहून कपाळाला हात लावणाऱ्या माता, हें दृश्य पालकवर्गास कांहीं नवें नाहीं. परंतु खेळणाऱ्यांपेक्षां खेळावर बोलणाऱ्यांची संख्या नेहमींच मोठी असते, आणि त्या बोलण्यास सर्वांत अधिक भर येतो तो संघ हरून त्याच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली म्हणजे. मग ज्यानें उभ्या जन्मांत चेंडूला पाय लावला नाहीं तोहि हिरिरीनें उमेदवारांचीं नांवें सुचवूं लागतो. हा वाद पोरकट म्हणून सोडून देण्याजोगा मात्र नाहीं. लोक कोणाचें नांव घेतात यावरून त्यांना आपल्या संघाकडून काय हवें आहे हें कळतें. आणि पुष्कळदां असें दिसून येतें कीं, तें त्यांचें त्यांनाच ठरवितां आलेलें नसतें. सन २०२५ च्या जुलै महिन्यांत आपल्या देशाच्या संघाविषयीं जो वाद माजला तो या दृष्टीनें पाहण्यासारखा असल्यामुळें त्याचीच हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम ती जागा रिकामी कशी झाली तें पाहूं. क्रोएशिया देशाचे इगोर स्टिमाच हे २०१९ पासून भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. १९९८ सालच्या जागतिक स्पर्धेंत तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या संघांतून ते स्वतः खेळलेले. त्यांच्या हाताखालीं आपला संघ २०२४ च्या मार्च महिन्यांत गुवाहाटीस अफगाणिस्तानकडून २-१ असा हरला, आणि जूनमध्यें दोहा येथें कतारकडून तितक्याच गोलांनीं हरून जागतिक स्पर्धेच्या पात्रता-फेरींतून बाहेर पडला. दोह्याच्या सामन्यांत कतारनें बरोबरीचा गोल केला त्याआधीं चेंडू रेषेबाहेर गेला होता, हें चित्रांत सर्वांस स्पष्ट दिसलें. पण पंचांनीं गोल दिला तो दिलाच. थोड्याच दिवसांत स्टिमाच यांस रजा मिळाली. त्यांच्या जागीं स्पेनचे मानोलो मार्केस आले. ते त्या वेळीं एफ. सी. गोवा या संघाचे प्रशिक्षक होते, व तें काम न सोडतांच त्यांनीं देशाच्या संघाचें काम पत्करलें. या जोडकारभारांत गोव्याच्या संघास २०२५ च्या मे महिन्यांत सुपर कप मिळाला. भारताच्या संघास आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, आणि तोहि मालदीवविरुद्ध. जूनमध्यें आशियाई चषकाच्या पात्रता-सामन्यांत हाँगकाँगनें १-० असें हरविल्यावर जुलैच्या आरंभीं मार्केस यांनीं व महासंघानें एकमेकांचा निरोप घेतला. जागतिक क्रमवारींत भारत त्या महिन्यांत १३३ व्या क्रमांकावर होता.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें अर्ज मागविले. १७० अर्ज आले. त्यांत स्पेनचा जगज्जेता खेळाडू शावी याचाहि अर्ज आहे अशी बातमी बाहेर फुटली, आणि चाहत्यांमध्यें एकच खळबळ उडाली. महासंघाजवळ एवढा पैसा कोठला, असें कोणी म्हणे. पैसा कसाहि उभा करा पण हा माणूस हातचा जाऊं देऊं नका, असें दुसरा म्हणे. हा वाद ऐन रंगांत आला असतां महासंघानें खुलासा केला कीं, शावी यांच्या व इंग्लंडांत त्या वेळीं मँचेस्टर सिटीचे प्रशिक्षक असलेल्या गार्डिओला यांच्या नांवानें आलेलीं पत्रें खरीं नव्हतीं. कोणा थट्टेखोराच्या दोन ओळींवर देशभर खल झाला! इस्राएल लोकांनीं राजा मागितला तेव्हां सर्वांहून खांद्यापासून वर उंच असलेला शौल त्यांना पाहतांक्षणींच पसंत पडला, ही गोष्ट पवित्र शास्त्राच्या तासास बसणाऱ्या मुलांना ठाऊक आहेच. उंची पाहून निवड करण्याची खोड माणसाला फार जुनी आहे.

सुप्रसिद्ध माजी खेळाडू आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें अखेर तीन नांवें पुढें केलीं: इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्लोव्हाकियाचे श्टेफान टार्कोविच, व आपले खालिद जमील. आतां वादाला कांहीं आकार आला.

कॉन्स्टंटाईन हे पूर्वीं दोनदां, म्हणजे २००२ ते २००५ व २०१५ ते २०१९, भारताचे प्रशिक्षक होते. त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, ओळखीचा वैद्य बरा, रोग्याची नाडी त्यास ठाऊक आहे. हें म्हणणें अगदींच फोल नव्हतें. २०१५ सालीं त्यांनीं दुसऱ्यांदा सूत्रें हातीं घेतलीं तेव्हां आपला क्रमांक १७० च्याहि पलीकडे होता. २०१७ च्या जुलैमध्यें तो ९६ झाला. मौज अशी कीं, २०१५ सालींच आपला संघ ग्वाम नांवाच्या पॅसिफिक महासागरांतील बेटाकडून २-१ असा हरला होता. त्या बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आंतली. त्या रात्रीं मतें घेतलीं असतीं तर कॉन्स्टंटाईन यांस ठेवा म्हणणारा शोधूनहि सांपडला नसता. आणि दहा वर्षांनीं त्यांनाच परत आणा म्हणणारे पुष्कळ निघाले. टार्कोविच यांच्याविषयीं येथें फारशी कोणास माहिती नव्हती. युरोपीय अजिंक्यपदाच्या २०२१ सालीं झालेल्या स्पर्धेंत स्लोव्हाकियाचा संघ त्यांच्या हाताखालीं खेळला होता, एवढ्यावर कित्येकांनीं त्यांची बाजू उचलून धरली. अपरिचित माणसाविषयीं मोठ्या आशा बाळगणें नेहमींच सोपें असतें.

खालिद जमील यांचा आपल्या मुंबईशीं जवळचा संबंध आहे, म्हणून त्यांच्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. त्यांचा जन्म १९७७ सालीं कुवेत येथें झाला. पण खेळाडू म्हणून ते नांवारूपास आले ते मुंबईंत, महिंद्र युनायटेड व एअर इंडिया या संघांतून. पुढें मुंबई एफ. सी. या संघाचे ते कित्येक वर्षें प्रशिक्षक होते. हा संघ श्रीमंत नव्हता. मोठीं नांवें विकत घेणें त्यास शक्य नसे, आणि खालिद यांच्या कर्तबगारीचें माप वरचा क्रमांक मिळविण्यांत नसून दरवर्षीं खालच्या वर्गांत न ढकललें जाण्यांत होतें. २०१६ सालीं ते मुंबई सोडून मिझोरममधील ऐजॉल एफ. सी. कडे गेले. हा संघ आदल्या हंगामांत खालीं घसरला होता व महासंघाच्या कृपेनें पुन्हां वर घेतला गेला होता. त्याच संघानें २०१७ च्या एप्रिलअखेर शिलाँगच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी करून आय-लीगचें अजिंक्यपद मिळविलें! ईशान्येकडील कोणत्याहि संघास तोंवर तें मिळालें नव्हतें. आणि मुंबई एफ. सी. ? तो त्याच हंगामांत शेवटच्या क्रमांकावर राहून खालीं गेला. प्रशिक्षकाच्या अंगीं किती गुण आहे हें कधीं कधीं तो निघून गेल्यावर मोजतां येतें. पुढें नॉर्थईस्ट युनायटेड व जमशेदपूर या संघांनाहि त्यांनीं उपांत्य सामन्यांपर्यंत नेलें.

तेव्हां वादाचें मूळ आलें तें देशी कीं परदेशी या प्रश्नावर. देशी पक्षाचें म्हणणें असें कीं, मणिपूर, मिझोरम, केरळ, गोवें, पंजाब, बंगाल अशा ठिकाणांहून आलेल्या मुलांशीं त्यांच्या रीतीभाती जाणणारा माणूसच बोलूं शकेल. शिवाय १९३० पासून २०२२ पर्यंत ज्या बावीस जागतिक स्पर्धा झाल्या त्यांपैकीं एकहि स्पर्धा परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखालील संघानें जिंकलेली नाहीं. हा पुरावा प्रथमदर्शनीं बिनतोड वाटतो. पण त्या बावीस स्पर्धा मिळून आठच देशांनीं जिंकलेल्या आहेत, आणि ज्या देशांत उत्तम प्रशिक्षक पिढ्यान् पिढ्या तयार होतात तेच ते देश होत. त्यांना बाहेरचा माणूस आणण्याची गरज काय? ग्रीससारख्या लहान देशास ती होती. त्यांनीं ओटो रेहागेल या जर्मन गृहस्थांस बोलाविलें, व २००४ सालीं युरोपचें अजिंक्यपद घरीं नेलें. आपला स्वतःचा हिशेब तर याहून विलक्षण आहे. आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेंत भारत पांच वेळां खेळला: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२४ च्या जानेवारींत. पांचहि वेळां प्रशिक्षक परदेशी होता. उलट आशियाई क्रीडास्पर्धांतील आपलीं दोन सुवर्णपदकें, १९५१ चें व १९६२ चें, हीं दोन्हीं एका देशी प्रशिक्षकानें मिळवून दिलीं. दोन्ही पक्षांना पाहिजे तो दाखला या एकाच वहींत सांपडतो; यावरून प्रश्नच कोठेंतरी चुकीचा मांडला जात असावा असें मला वाटतें.

वाद घालणारे सहसा जें विचारीत नाहींत तें हें कीं, या माणसाला काम करावयाचें आहे तें नेमकें कोणतें? क्लबाचा प्रशिक्षक व देशाचा प्रशिक्षक या दोहोंस आपण एकच शब्द वापरतों, पण दोघांचे धंदे फार निराळे आहेत. क्लबाच्या प्रशिक्षकास त्याचे खेळाडू रोज सकाळीं भेटतात. कोणाचा डावा पाय कच्चा आहे, कोण रात्रीं जागरण करतो, कोणाच्या घरीं आजार आहे, हें त्यास ठाऊक असतें. एखाद्या जागीं चांगला माणूस नसेल तर तो मालकाकडून पैसे मागून दुसरीकडून आणूं शकतो. देशाच्या प्रशिक्षकाला माणूस विकत घेतां येत नाहीं; आडांत नाहीं तें त्याच्या पोहऱ्यांत येणार नाहीं. आंतरराष्ट्रीय नियमांनीं ठरवून दिलेल्या मोजक्याच दिवसांपुरते क्लबांनीं आपले खेळाडू त्यास द्यावयाचे, आणि ते दिवस संपतांच ते परत जावयाचे. वर्षाकांठीं असे दिवस भरतात तरी किती? शाळेंतल्या एखाद्या शिक्षकास वर्षांतून चारपांच वेळां आठ आठ दिवसांकरितां वर्ग मिळावा, वर्गांतील मुलें दरवेळीं थोडीं निराळीं असावींत, आणि परीक्षेचा निकाल मात्र त्याच्या एकट्याच्या नांवावर लागावा, तसें हें आहे. अशा माणसाच्या अंगीं हवा तो गुण म्हणजे थोड्या वेळांत थोडेंच पण पक्कें शिकविण्याचा. क्लबांतील यश त्याची ग्वाही देईलच असें नाहीं, हें मार्केस यांच्या उदाहरणावरून दिसलेंच.

वर ज्या देशी प्रशिक्षकाचा उल्लेख केला ते सय्यद अब्दुल रहीम होत. ते हैदराबादच्या शाळांतून मुलांना शिकविणारे शिक्षक होते, आणि सर्व फुटबॉल-जगत् त्यांस ‘रहीमसाहेब’ म्हणे. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांनीं तयार केलेला संघ. मुंबईच्या कूपरेज मैदानावर भरणारी रोव्हर्स कप स्पर्धा या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें जिंकली, तेव्हां मुंबईकर प्रेक्षकांनीं ती शिकवण प्रत्यक्ष पाहिलेली होती. त्यांची रीत शिक्षकाचीच. चेंडू घेऊन एकट्यानें पळणें ज्यांत मना आहे असे सामने ते मुलांत भरवीत, म्हणजे चेंडू तत्काळ दुसऱ्यास देण्याची संवय लागे; केवळ कच्च्या पायानेंच खेळावयाचे सामनेहि भरवीत. (आपल्या मैदानावर हा प्रयोग एकदां करून पाहण्यास हरकत नाहीं, पायांत कोण किती पाण्यांत आहे तें पांच मिनिटांत कळेल.)

१९५२ सालीं त्यांचा भारतीय संघ हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांस गेला. बहुतेक खेळाडू अनवाणी, आणि समोर युगोस्लाव्हियाचा बलाढ्य संघ. निकाल १०-१. हा आंकडा पुन्हां वाचावा. त्यानंतर महासंघानें खेळाडूंना बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांना मात्र काढलें नाहीं. चार वर्षांनीं, १९५६ सालीं, मेलबोर्न येथें त्यांच्याच संघानें यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरविलें. त्या दिवशीं मूळ गोंयकार व मुंबईंत खेळणारा नेव्हिल डिसोझा यानें एकट्यानें तीन गोल केले; ऑलिंपिकमध्यें असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यांत गांठ पुन्हां युगोस्लाव्हियाशींच पडली, आणि पहिला गोल केला भारतानें. शेवटीं आपण ४-१ असे हरलों, पण १०-१ पासून तेथवर मजल आली होती. भारत त्या स्पर्धेंत चौथा आला.

१९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हां रहीमसाहेबांना कर्करोगानें ग्रासलें होतें. पहिलाच सामना दक्षिण कोरियानें २-० असा जिंकला. जर्नेलसिंग हा आपला भरंवशाचा बॅक पुढच्या सामन्यांत जखमी होऊन त्याच्या डोक्यास टांके पडले. रहीमसाहेबांनीं त्यास घरीं बसविलें नाहीं, व त्याच्या जागींहि खेळविलें नाहीं. उपांत्य सामन्यांत त्यास पुढें सेंटर फॉरवर्ड केलें! बॅकला फॉरवर्ड करणें हा वेडेपणाच, असें कोणीहि म्हणालें असतें. परंतु पूर्वीं तो त्या जागीं खेळलेला आहे हें या शिक्षकास ठाऊक होतें. जर्नेलसिंगानें उपांत्य सामन्यांत गोल केला, अंतिम सामन्यांतहि केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जी यांचा, आणि राजकीय तंट्यामुळें चिडलेला सबंध प्रेक्षकवर्ग विरुद्ध ओरडत असतां भारतानें त्याच दक्षिण कोरियास २-१ असें हरविलें. पुढल्या वर्षीं जूनमध्यें रहीमसाहेब वारले. २०२३ सालच्या हांगचौ येथील स्पर्धेपर्यंत तें सुवर्णपदक भारताच्या संघास पुन्हां मिळालेलें नाहीं.

फुटबॉलांत मुरलेल्या देशांतील लोक या बाबतींत अधिक शहाणे असतील असें कोणास वाटल्यास तसेंहि नाहीं. ब्राझीलमध्यें १९६९ सालीं संघावर टीकेचा इतका भडिमार होत होता कीं, तेथील महासंघानें टीकाकारांपैकींच एकास, जोआंव साल्दान्या या पत्रकारास, प्रशिक्षक नेमलें. वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद व्हावींत असा त्यांत हेतु होता असें सांगतात. साल्दान्यांनीं पात्रतेचे सहाहि सामने जिंकून दाखविले, तरी १९७० च्या मार्चमध्यें त्यांस दूर करण्यांत आलें, आणि त्यांच्यामागून आलेल्या झागालोंनीं मेक्सिकोंत जागतिक अजिंक्यपद मिळविलें. इंग्लंडांत मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर १९८९ च्या डिसेंबरांत एका चाहत्यानें फलक उभारून ॲलेक्स फर्ग्युसन यांस घरीं जाण्याचा रस्ता दाखविला होता. चालकांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें २०१३ पर्यंत फर्ग्युसन यांनीं त्या संघास तेरा वेळां इंग्लंडचें अजिंक्यपद मिळवून दिलें. मग त्यांनींच पसंत केलेले डेव्हिड मॉईस यांच्याशीं सहा वर्षांचा करार झाला, आणि दहा महिन्यांत त्यांस काढलें! तेव्हां चाहते चुकतात आणि जाणतेहि चुकतात. अंतर एवढेंच कीं, चाहत्यांस आपली चूक दुसऱ्या दिवशीं विसरतां येते.

आतां आपल्या हकीकतीकडे परत वळूं. १ ऑगस्ट २०२५ रोजीं महासंघानें खालिद जमील यांची नेमणूक जाहीर केली. २०१२ सालीं सावियो मेदेइरा हे गोमंतकीय गृहस्थ या जागेवरून गेल्यानंतर तेरा वर्षांनीं ती देशी माणसाकडे आली. मुंबईंत व ईशान्येकडे आनंद झाला. कांहींनीं नाकें मुरडलीं. पण त्यांच्या हातीं काय पडलें होतें तें फारच थोड्यांनीं पाहिलें. देशांतील मुख्य साखळी स्पर्धेचा नवा हंगाम करारमदाराच्या भानगडींत अडकून ठरल्या वेळीं सुरूच झाला नव्हता. पगार मिळेल कीं नाहीं याची खेळाडूंस धास्ती. बंगळूरच्या पहिल्या शिबिरास कलकत्त्याच्या एका नामांकित क्लबानें आपले खेळाडू पाठविले नाहींत, कारण ते दिवस नियमाच्या मुदतींत बसत नव्हते. आणि आशियाई चषकाच्या पात्रता-गटांत, जेथून एकच संघ पुढें जावयाचा होता, तेथें दोन सामन्यांत मिळून एक गुण अशी शिल्लक मार्केस यांच्या काळांतच राहिली होती.

तशांतहि आरंभ बरा झाला. मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेंत ताजिकिस्तानास त्यांच्याच मैदानावर २-१ असें हरवून, इराणकडून ३-० असें हरून, अफगाणिस्तानाशीं बरोबरी करून, शेवटीं ओमानला पेनल्टींवर मागें टाकून भारतानें तिसरा क्रमांक मिळविला. त्या आठवड्यांत खालिद यांच्याविरुद्ध बोलणारा कोणी भेटत नव्हता. ऑक्टोबरांत सिंगापूरशीं तेथें १-१ अशी बरोबरी झाली; पांच दिवसांनीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरनेंच २-१ असा विजय मिळविला, आणि २०२७ च्या आशियाई चषकाचें दार बंद झालें. १८ नोव्हेंबरास ढाक्क्याला बांगलादेशानें १-० असें हरविलें. बावीस वर्षांत बांगलादेशास भारताविरुद्ध जय मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशीं सकाळींच नव्या प्रशिक्षकाची चर्चा पुन्हां जिकडेतिकडे ऐकूं येऊं लागली. खालिद यांची नेमणूक होऊन त्या वेळीं साडेतीन महिने झाले होते. हेलसिंकीपासून मेलबोर्नपर्यंतचें अंतर चार वर्षांचें होतें.